तुमची घोंगडी समुद्रापार पोचली

आबा, बोलतेय मी, तुमची लेक, आणि लिहितेय माझी सून, म्हणजे तुमची नातसून. तुम्ही तिला पाहिलेलं नाही आणि तिनं तुम्हाला फक्त माझ्या तोंडून ऐकलंय, तेही भाकरी थापताना, त्यामुळं निम्मं तिच्या कानावर पडलं आणि निम्मं तव्यावर करपलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, तेव्हा या पत्राचं काय होणार ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही. शेवट आधीच सांगून टाकते, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. तुमची पणती, म्हणजे हिचीच लेक, आणि तिचा नवरा, दोघंच्या दोघं, स्वतःच्या शिडाच्या होडीतनं कोचीहून निघाले आणि समुद्र ओलांडून पल्याडच्या एका बेटावर सुखरूप पोचले. बेटाचं नाव सुनेनं मला तीनदा सांगितलं, पण माझ्या जिभेवर ते ठरत नाही. पोचले, एवढं ठरलंय, ते पुरे.

दोघंही रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होते. ज्याची कंपनीची बस आठवड्यातनं दोनदा चुकायची, तो हा माझा नातजावई, आणि हा म्हणे वाऱ्यावर होडी हाकणार. पण सुट्ट्या साठवून साठवून दोघं समुद्रावर जायचे, शिडं ओढायला शिकायचे, मग एक जुनी होडी घेतली, तिला घासूनपुसून उभी केली, आणि एका संध्याकाळी भांडगावला येऊन आमच्या स्वयंपाकघरात पोरीनं सांगितलं की आता लांब जायचंय. माझा लेक उसळलाच. "खुळी का काय तू? पवायला कॅनॉलमधी शिकलीस आन् समिंदर वलांडती व्हय?" सुनेनं तर हातातली पळी खाली ठेवली. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "माझा बाप दिवाळी झाली की सगळं घर घोड्यावर टाकून निघायचा, तो पावसाच्या तोंडाला परत यायचा. कुठं हाय, कसा हाय, कुनाला ठावं नसायचं. हिला तर नुसतं पान्यावरनं जायचंय. जाऊ द्या तिला." मी जाऊ द्या म्हणाले आणि ती गेली. हे वाक्य मला पुढं किती महागात पडणार होतं, ते तेव्हा कळलं नाही.

समुद्र काय असतो ते आपल्या घरात तुम्हाला एकट्यालाच माहीत होतं. एका साली कोकणात मेंढरं पार किनाऱ्यापर्यंत नेलीत आणि मुक्कामावर येऊन आईला सांगितलंत, "लई मोठं तळं हाय. पल्याडची कड न्हाई आन् मेंढराला प्यायला घोट न्हाई. असलं पानी काय कामाचं?" तिच्यासाठी एक भलामोठा शिंपला आणला होतात. आईनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासनं त्यानं तवा खरवडायला लागली. तुम्ही रुसलात. मेंढरांकडं तोंड करून आणि आईकडं पाठ करून जेवलात, आणि आई मला डोळा मारून म्हणाली, "आनखी एक आनायचा हुता, कढईला."

पण मला सांगायचाय तो घाटातला दिवस. मी सात-आठ वर्षांची असेन. आपण घाट उतरतोय, आणि ध्यानीमनी नसताना अवकाळी पाऊस सुटतो. आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू माझ्या काखेत आहे. मी घोड्यावरची घोंगडी ओढून डोक्यावरनं घेते आणि कोकरू दगडाच्या आडोशाला ठेवून देते. तुम्ही मागनं येता. ओरडत नाही. घोंगडी माझ्या अंगावरनं काढता, कोकराला त्यात गुंडाळता आणि म्हणता, "मानूस वाळतं, पोरी. कोकरू वाळत न्हाई. घोंगडी एकच असली की ती सगळ्यात नाजूक जिवाची." मग माझ्या शेजारी तसेच भिजत उभे राहता. मला इतका राग आला होता! वाटलं, या माणसाला लेक नको होती, मेंढरूच पाहिजे होतं. ते कोकरू जगलं, त्याचा एडका झाला, आणि मला बघितलं की शिंगं रोखून धावायचा. मुक्या जनावराला उपकाराची जाण असते म्हणतात. त्याच्या कानावर ते गेलेलं नव्हतं.

पुढं कवठ्याहून इकडं नांदायला आले तेव्हा तुम्ही आपल्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी माझ्या पाठवणीत दिलीत. सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसेनात का. पुढं त्यांच्याच लेकरांची सर्दी-पडसं त्या घोंगडीत निघाली. तुमच्या पणतीलाही मी तिच्यातच वाढवलं. जेवत नसली की हीच गोष्ट सांगायची, घाट, पाऊस, कोकरू, आणि शेवटचं वाक्य ती माझ्या आधी म्हणायची.

संक्रांत झाली आणि दोघं निघाले. दौंडच्या फलाटावर मी घोंगडी तिच्या हातात दिली. नातजावई डोकं खाजवत म्हणाला, "आजी, होडीत जागाच न्हाई हो. डबा न् डबा मोजून भरायचाय." मी म्हणाले, "जागा नसंल तर जावईबापू, तुमी खाली उतरा." गाडी सुटेपर्यंत तो हसत होता, आणि सून दुसरीकडं बघत होती.

आता ठिपक्याचं सांगते. समुद्रात बोलायचा फोन चालत नाही. म्हणून होडीवर एक लहानशी डबी होती. ती आभाळातनं निरोप धाडते, आणि इकडं लेकाच्या फोनमध्ये निळं पाणी दिसतं, त्यात त्यांच्या होडीचा ठिपका. रोज सकाळी चहाच्या आधी ठिपका बघायचा, असा नेमच झाला. "सरकला का?" "सरकला, बोटभर." मग चहा. एकदा सुनेनं देवपूजा करता करता त्या फोनलाच हळदकुंकू लावलं. लेक दिवसभर काच पुसत बसला. असं छान चाललेलं असताना एका सकाळी ठिपका नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. लेकानं कुठंकुठं फोन लावले. तिकडनं सांगितलं की त्या भागात वारा खवळला होता, जवळनं जाणाऱ्या जहाजांना कळवलंय, वाट बघा. वाट बघा! आपल्या घराण्याला नवीन सांगितल्यासारखं.

पण आबा, वाट बघणं मला सोपं गेलं नाही. गावात मागं राहिलेली आजी तुमची वाट कशी बघत असेल, ते मी कधी विचारलंच नव्हतं, कारण मी तुमच्याबरोबर असायचे. भिजणाऱ्याला भीती कमी वाटते. घरात कोरडं बसणाऱ्याचे हाल. आणि एक दिवस सून चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "तुमीच धाडलंत तिला, आत्या. तुमच्या बापाच्या गोष्टी सांगून सांगून." मी गप्प झाले. मला गप्प बसवणारी ती पहिलीच, तुम्हालाही कधी जमलं नव्हतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. शेजारणी येऊन बसायला लागल्या. एकीनं पदर डोळ्याला लावून "देवाची मर्जी" असं सुरू केलं, तेव्हा मात्र मी म्हणाले, "अगं बाई, आदी च्या तरी हू दे, मंग रड." ती रागानं चहा न घेताच गेली. मी तिला हसले, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

एका दुपारी आम्ही दोघी लसूण सोलत बसलोय, अर्थात मुक्यानं. फोन वाजतो. लांबच लांब नंबर. सून उचलते आणि पलीकडनं पोरीचा आवाज इतका मोठा येतो की मलाही ऐकू येतो. "आई, पोचलो गं! बघितलास ना रोज ठिपका?" मी फोन ओढून घेतला. "कुठला ठिपका, भवाने? तुज्या ठिपक्याचं तेरावं घालायची येळ आली हुती!"

"म्हंजी? डबी तर मी नीट झाकून ठेवली होती, आजी."

"कशानं झाकलीस?"

तिकडनं हळूच, "घोंगडीनं. लाटा आत येत होत्या, सगळं भिजलं, आम्ही दोघंपण. मला वाटलं, सगळ्यात नाजूक तेवढीच हाय. तीच तर आईपत्तर पोचती."

मागनं नातजावई बोलला, "आजी, त्या डबीला आभाळ दिसावं लागतंय हो. आन् वारा पडल्यावर माझ्याबी ध्यानात आलं न्हाई. आमी आपलं मासं भाजून खातोय, वाटतंय, घरी बघतायत रोज."

बघा आबा. कोकराला जशी तुम्ही गुंडाळलीत, तशी तिनं ती डबी गुंडाळली, आणि गुंडाळून आम्हा सगळ्यांचा जीव कोंडला. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झाली नसती. दुसऱ्या कुणाच्या घरात घोंगडीच होडीवर गेली नसती म्हणा. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता सून मला फाडून खाणार. तिनं माझ्याकडं पाहिलं, लसणाची पाकळी माझ्या अंगावर फेकली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता परत हसली. म्हणाली, "आत्या, तुमच्या बापानं मरूनबी मला छळलं." मी म्हणाले, "मला जित्तेपनी छळलं, तुला उरलेलं." इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली ते हे.

तर आबा, सगळं ठीक आहे. घोंगडी खाऱ्या पाण्यानं ताठ झालीय म्हणे, बेटावर दोरीला वाळत घातलीय, आणि तिथली माणसं येऊन हात लावून बघतात. माणसं वाळलीत. सून विचारते, पत्र कुठं टाकायचं. कुठंच नाही. घोंगडी परत आली की तिच्या घडीत ठेवू.

शेवटचं एक लिही म्हणते तिला. ठिपका गेला त्या रात्रीपासनं फोन येईपर्यंत मी अंगावर काही घेतलं नाही. माघातली थंडी, पण पांघरायची वाकळ उशाशी घडी करून ठेवायचे. का, ते घाटात माझ्या शेजारी भिजत उभं राहिलेल्या तुम्हाला सांगायला नको. घरात कुणाला बोलले नाही, हसतील म्हणून.

सून थांबली. मी विचारलं, "का गं, हात दुखला?" तर खाली बघूनच म्हणाली, "न्हाई, आत्या. माजीबी वाकळ घडीचीच हुती."

हे तिनं कागदावर घेतलं की नाही, मला कुठं वाचता येतंय! आज मात्र दोघी पांघरून झोपणार आहोत.