उतरवलेलं नाव

प्रिय मिनलताई,

तू सासर सोडून आलीस, तेव्हा बाबांनी आकुर्डीच्या आपल्या खानावळीला तुझं नाव दिलं. मागच्या वर्षी तुला न विचारता मी ते उतरवलं आणि इंग्रजी नाव लावलं.

नवा बोर्ड बघून तू म्हणालीस, "नागसेन, माझं नाव नकोसं झालं का रे?"

मी म्हणालो, "ताई, तू तर आत किचनमध्ये असतेस. बोर्डाचं तुला काय?"

दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस. शेजारच्या कंपनीतली जुनी गिऱ्हाइकं तुझ्याबद्दल विचारतात, तेव्हा ताई गावी गेली म्हणून खोटंच सांगतो.

परवा पिंपळे सौदागरला तू सुरू केलेल्या मेसवर माफी मागायला आलो होतो. जेवायला आलेल्या कॉलेजच्या मुलींना वाढताना तू खळखळून हसत होतीस. आपल्याकडे तुला तसं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. दारातूनच परतलो. हे पत्र पाठवायचाही धीर होत नाही.

तुझाच,
नागसेन