तसबिरीखालचे फोटो

४ फेब्रुवारी, बुधवार

पोचले एकदाची नागपूरला. ट्रेन उशिरा, चहा गार, आत्याचा प्रशिकदादा मात्र स्टेशनवर वेळेवर!

इंदोरा वस्तीतल्या घरी आत्या दारातच उभी होती. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "मेघा होय ना वं? का प्रशिकच दोनदा दिसून राहिला मले?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. जीभ मात्र शाबूत.

काम एवढंच — आजोबांनी काढलेले सगळे फोटो मोबाइलवर उतरवून घ्यायचे. गेल्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीतून ओल आली आणि मागोमाग वाळवी. कोपरे खाल्लेत, काही फोटो एकमेकांना चिकटलेत. बाबा पुण्याहून रोज फोन करतात, "उरलेत तेवढे तरी वाचव." शिवाय आमच्या साखरपुड्यात दोन्ही घरांचे जुने फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायची गौरांगची कल्पना आहे. मला तेव्हा फार गोड वाटली होती.

आजोबा मिलमध्ये होते. कुणा साहेबाचा जुना कॅमेरा घेतला आणि पुढे आयुष्यभर घरात दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नाही. म्हणून ते स्वतः एकाही फोटोत नाहीत. मिलच्या पासावरचा एक आहे. आत्या म्हणते, "त्यात बाबांचा चेहरा कुठं हाय? निस्ता शिक्का!"

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर फोटो. काळ्या कागदाचे अल्बम, मध्ये पातळ कागद, त्यावर जाळीची नक्षी. पान उलटलं की वाळवीची माती मांडीवर पडते.

सगळे फोटो एकाच जागी काढलेले! पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. तीच तसबीर अजून त्याच खिळ्यावर आहे. आत्याने मागची गोष्ट सांगितली. छप्पन साली आजोबा दीक्षा घेऊन आले आणि त्याच आठवड्यात तसबीर आणली. "भिंतीले प्लास्टर नव्हतं. पण फ्रेम लागली आधी!" मग घरात काहीही झालं की फोटो तिथेच. आत्याचं लग्न तिथे. बाबा मॅट्रिक झाले, तिथे. नवी सायकल आली तर तीही उंबरठ्यावरून आत आणून तिथे. "बाबांचा नियमच होता. फ्रेम पुरी आली पाह्यजे, मग माणसं." त्यामुळे निम्म्या फोटोंत लोकांना पाय नाहीत. तसबीर मात्र काठोकाठ पुरी.

मला हसू आलं. आत्याला नाही आलं. "पाय कोण पाहते वं?"

पहिला उतरवलेला फोटो, बाबांचा मॅट्रिकचा, लगेच त्यांना पाठवला. बाबांचा फोन आला पण बोलेनात नीट. "ठेवतो," म्हणाले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मुग्धाकाकूंनी (गौरांगच्या आईने) त्यांच्याकडचे फोटो पाठवले. सत्यनारायणाच्या पाटावर बसलेले त्याचे आजी-आजोबा, मुंजीतला टक्कल केलेला गौरांग, अंगणात पापड वाळत घालणाऱ्या बायका. खाली लिहिलं होतं, "तुमच्याकडचे कधी? आमचे सगळे नातेवाईक उत्सुक आहेत हं!"

एवढंच. दुसरं काही नाही. त्यांना आमचं सगळं ठाऊक आहे, आणि पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात असलं काही नाही हो." मनापासून म्हणाल्या होत्या.

पण मला तो हॉल दिसायला लागला. पडद्यावर एकामागून एक आमचे फोटो, प्रत्येकात तीच तसबीर. त्यांच्या नातेवाइकांतलं कोणी तरी शेजारच्याकडे वळणार. कोणी तरी "अच्छा..." म्हणणार. तो "अच्छा" मी कॉलेजात ऐकलाय, ऑफिसात ऐकलाय. आडनाव सांगितल्यावर मधे पडणारा तो एक श्वास मला पाठ आहे.

फोटो घेताना मोबाइलवर एक चौकट येते. तिच्या कडा आपण सरकवायच्या, आतलं तेवढं राहतं, बाहेरचं कायमचं जातं. दुपारी आत्याच्या लग्नाच्या फोटोवर मी वरची कड खाली ओढली. तसबीर गेली. काचेवर फ्लॅशची चमक पडली होती, खराब दिसत होती — म्हणून.

म्हणून!

७ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळ्यांचीच, गुरुवारी घेतलेल्यांचीसुद्धा, वरची कड खाली ओढली. फोटो छान दिसतात. कुणाच्याही घरचे वाटतील असे.

९ फेब्रुवारी, सोमवार

संपले. काल जेवायलासुद्धा उठले नाही. आत्या म्हणाली, "पोट्टी किती राबून राहिली!" आणि काटोलची संत्री सोलून फोडी माझ्या तोंडात घातल्या, कारण माझे हात वाळवीच्या मातीने भरलेले. मी आ करून खाल्ल्या. मला लाज कशी नाही वाटली तेव्हा?

मग विचारलं तिने, "सगळं आलं ना वं?"

"सगळं. काही म्हणता काही सुटलं नाही."

"काच आली ना नीट?"

मला वाटलं चमकेचं म्हणतेय. म्हटलं, "चमक काढून टाकली आत्या. एकदम साफ झालेत."

तिने सालं गोळा केली. मग म्हणाली, "बरं. डोळा उघडला का पाहीन."

१० फेब्रुवारी, मंगळवार

अल्बम नाहीत.

सीताबर्डीवर साडी बघायला गेले होते. परत आले तर दिवाणाखालची पेटी रिकामी, फरशी धुतलेली, फिनाइलचा वास. आत्याने ऑपरेशनच्या आधी घर साफ करायला घेतलं होतं. वाळवी दाराच्या चौकटीपर्यंत आली होती म्हणे. प्रशिकदादा सकाळी वाडीला गोदामावर कामाला जायच्या आधी उलट्या दिशेला गेला आणि सगळे अल्बम कन्हान नदीत सोडून आला.

मी म्हटलं, नदीत कशाला? आत्याला माझा प्रश्नच कळेना. "काहून म्हंजे? प्रत्येक फोटोत बाबासाहेब हायेत. घंटागाडीत टाकू का त्याइले? रद्दीवाल्याच्या तराजूत घालू?" दादाने पुलाखाली चप्पल काढली, हात जोडले, मग सोडले. हेही तिने कौतुकाने सांगितलं. "आता चिंता नाही. तू सगळं घेतलं ना मोबाइलात."

साधे कुणाचेही फोटो असते तर पोत्यात भरून अंगणात पडले असते. धावत जाऊन काढले असते मी. तसबीर होती म्हणून मानाने गेले. आणि माझ्याकडे जे आहेत त्यांत तसबीर नाही.

न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. वाटलं, ठीक आहे. माणसं तर आहेत ना फोटोंत? आणि तसबीर तर भिंतीवर आहेच. सगळं कुठं गेलंय? अशी समजूत घातली स्वतःची. बऱ्यापैकी पटलीसुद्धा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशन झालं. आत्याने डॉक्टरांना विचारलं, "डोळा उघडला का पयले काय पाहू?" ते म्हणाले, काहीही पाहा, फक्त चोळू नका. ती म्हणाली, "माह्या भाचीनं सिनेमा बनवला हाय, तो पाह्यतो."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

सकाळी पट्टी निघाली. आल्या आल्या आत्याने घर पाहिलं. भिंतीचा रंग, माझा चेहरा ("रोडावली वं तू!"), दादाचे पिकलेले केस. मग काळा चष्मा लावून टीव्हीसमोर बसली. दादाने मोबाइल टीव्हीला जोडला. "माह्या लग्नाचा लाव."

लावला. ती पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा कुठं गेले?"

मला वाटलं, औषधाची गुंगी. दादा म्हणाला, "आई, आजोबा फोटोत कुठं हायेत? ते तं काढून राहिले ना फोटो."

"अरे हायेत ना! दुसरा लाव."

दुसरा. तिसरा. बाबांचा सायकलवाला. आत्या पुढे सरकत सरकत टीव्हीच्या अगदी जवळ गेली. प्रत्येक फोटोच्या वरच्या कडेवर बोट ठेवून पाहत होती. मग उठली, भिंतीपाशी गेली, खऱ्या तसबिरीच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात बोट टेकवलं.

"इथं उभे राहात. कॅमेरा छातीशी धरून. फोटो निघाला का काचेत बाबा येत. टोपीसकट. आमी बहीणभाऊ शोधत होतो, या फोटोत हसले, या फोटोत रागावले... माह्या लग्नाच्यात तं रडून राहिले होते. मीच पाह्यलं होतं फक्त."

काच आली ना नीट — हे विचारत होती ती.

एकाही फोटोत नाहीत म्हणे आजोबा. सगळ्यांत होते! सबंध आयुष्यभर स्वतःचा फोटो काढत राहिले, बाबासाहेबांच्या काचेतून. आणि मी दोन दिवस बसून, एकेक करून, बोटाने त्यांना पुसलं. चमक म्हणून.

आत्याने माझ्याकडे वळून विचारलं, "काहून कापलं वं?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. तेव्हा सांगायला हवं होतं. माझं तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "मोबाइल आपोआप कापतो गं आत्या. मला कळलंच नाही."

ती "हो का" म्हणाली. नव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. मीच खाली बघितलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

प्रशिकदादा काल कन्हानला परत जाऊन आला. कामावर न जाता. चिखलात गुडघाभर उतरून पुलाखाली शोधलं. काळ्या कागदाचा लगदा घेऊन आला पिशवीत, त्यात काही नाही. "माहीच चूक झाली. एक दिवस थांबलो असतो तं." जेवला नाही.

मी म्हटलं, "जाऊ दे दादा." म्हणजे चूक त्याची, आणि मी माफ करतेय! इतकी खाली जाईन असं वाटलं नव्हतं.

मग आठवलं. पहिला फोटो, बाबांना पाठवलेला मॅट्रिकचा! तो पुरा होता. पाठवताना बारीक झालेला, पण पुरा. काचेचा कोपरा मोठा करून पाहिला. एक पांढरा ठिपका. त्याखाली राखाडी काही तरी. कोपर असेल किंवा कागदाचा डाग असेल.

आत्याला दाखवला. तिने चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. "हो. हेच. कोपर असंच बाहेर काढत होते बाबा." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याच!

गौरांगला फोनवर सगळं सांगितलं. खरं कारणसुद्धा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मेघा, आमच्याकडून कोणी काही म्हणालं का तुला?" नाही. तेच तर! कोणीही, एका शब्दानंही, काही म्हणालं नव्हतं.

त्याला सांगता येतं. आत्याला येत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उद्या गौरांग आणि त्याचे आईबाबा इथे येणार. आत्याला प्रवास नको, म्हणून तेच येताहेत. घरातली मोठी तीच. आत्याची धावपळ. पुरणपोळी करू का झणझणीत सावजी मटण, विचारते. दादा म्हणाला, "सावजी खाल्लं तं लग्न मोडंल!" पहिल्यांदा हसला चार दिवसांत.

उद्या ते यायच्या आधी सांगणार आत्याला. नक्की.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पुढच्या खोलीत आले तर भिंतीवर नुसता खिळा. त्याखाली तसबिरीएवढा चौकोन, मूळच्या रंगाचा. आतल्या खोलीत आत्याच्या बिछान्यावर, स्वच्छ चादर अंथरून, त्यावर तसबीर निजवून ठेवलेली.

"पाहुणे येऊन राहिले ना," आत्या म्हणाली. "फोटोबिटो काढतीन ते. मोबाइल काही आपोआप कापत नाही, मले प्रशिकनं दाखवलं. तुले नको वाटते तं नको. तुह्या लग्नात तुले खाली पाहावं लागू नाही, बस."

मी तसबीर उचलली, बाहेर आणली, खुर्चीवर चढले. दोरी खिळ्यात बसेना. आत्या मागून आली आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली.