हिंगणवाडीच्या भिंतीवरचा तराजू

१२ जून १९८२, शनिवार
नवा लातूर जिल्हा होणार म्हणून स्मरणिका निघते आहे. आपल्या मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास मी लिहायचा, असं समितीचं पत्र. सोबत परिचयाचा फॉर्म. त्यात ‘शिक्षण’ हा रकाना. तो कोरा ठेवला आणि फॉर्मच्या पाठीमागे लिहिलं:

स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू. ब्रश बावीस, केस देवणी बैलाच्या शेपटीचे, दांडे बाभळीचे. रंग घोटायचा पाटा एक. जवसाच्या तेलातला गेरू, कृती माझी, पाच पावसाळे हलत नाही. बोर्ड सहाशे बारा, यादी आहे. घरातली मांडणी एक, उजवीकडे दोन सूत उतरती. जाड वही एक, स्वतः शिवलेली. तीत पहिल्या निवडणुकीपासून आजवरची प्रत्येक निवडणूक.

शेवटी: शाळा उर्दूत चौथीपर्यंत. देवनागरी बोर्ड रंगवता रंगवता शिकलो. कासीम पेंटर.

हिनं वाचायला लावलं. म्हणे, “मांडणी कशाला घातली? आता लोक तिरकी मांडणी बघाया येतील घरी.”

१५ जून
तीन निवडणुका लिहून झाल्या. पहिलीत आम्ही हैदराबादच्या राज्यात, दुसरीत मुंबईच्या, तिसरीत महाराष्ट्राच्या. गाव जागचं हललं नाही. पहिल्या दोन वेळा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर चिन्ह चिकटवलेलं. माणसं मत टाकायच्या आधी पेटी हलवून बघायची, आत किती पडलीत म्हणून. हे कुठल्या सरकारी कागदात नाही. माझ्या वहीत आहे.
पाऊस नाही. हवा नुसती उकडून राहिली.

१९ जून
सदुसष्ट. अप्पा पहिल्यांदा उभे राहिले. अपक्ष. अप्पा म्हणजे सोपानअप्पा, बाजारातले किराणावाले, लिंगायत, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. माझा पहिला बोर्ड त्यांच्या दुकानाचा. ‘किराणा’तला ‘ण’ उलटा काढला होता. त्यांनी दोन महिने तसाच टांगू दिला. “गिऱ्हाईक बोर्ड बघाया थांबतंय, थांबू दे की.”
चिन्ह मिळालं तराजू. वाण्याला तराजू! लोक खूष. मी शेहेचाळीस भिंती रंगवल्या. त्यांतली हिंगणवाडीच्या चावडीची सगळ्यांत मोठी. तीन दिवस लागले. पारडी ओळंबा धरून काढली. अप्पा थोडक्यात पडले. तरी हिंगणवाडी पुरी त्यांच्या मागे होती.

२२ जून
बहात्तर. इथं हात अडला.
घडलं ते असं. तराजू दोघांनी मागितला, अप्पांनी आणि किसनरावांनी (पुढे कि.रा.). चिठ्ठी टाकली, तराजू कि.रा.ला गेला. अप्पांना शिडी. फेब्रुवारीतच आड तळाला गेले होते. चुना कालवायला पाणी नव्हतं, म्हणून जुन्या भिंती पांढऱ्या झाल्या नाहीत. बैलांना वैरण नाही, गाडी लांब जाईना. अप्पा म्हणाले, “हिंगणवाडीला कशाला जायचं? घरचीच माणसं हायती.” गेले नाहीत.
मोजणीत हिंगणवाडीनं तराजू भरून दिला. तेवढ्याच मतांनी अप्पा पडले, कि.रा. आमदार झाले. तालुकाभर एकच बोललं गेलं, हिंगणवाडीनं पैसे खाल्ले. अप्पांनीही तेच धरलं. दहा वर्षं झाली, त्या गावाची वाट धरली नाही. लग्न नाही, मयत नाही.
मी वहीत तेव्हा लिहिलंय: ‘पाण्याअभावी भिंती राहून गेल्या.’ तेच स्मरणिकेसाठी उतरवलं.

२७ जून, रविवार
रमजान चालू आहे. रोज्यात खोटं लिहवत नाही.
पाणी नव्हतं हे खरं. पण हिंगणवाडीच्या चावडीवर मी गेलो होतो, बहात्तरच्या फेब्रुवारीत, सायकलवर. विटेच्या तुकड्यानं खरवडलं असतं तर अर्ध्या दिवसात तराजू निघाला असता. वीट हातात घेतली सुद्धा. पाच वर्षांत रंगाचा एक पोपडा उडालेला नव्हता. पारडी एका रेषेत. आपल्याच हातानं कसं...
वीट ठेवली, परत आलो. अप्पांना सांगितलं, पाणी नव्हतं.
गावानं भिंतीवर तराजू बघितला आणि तराजूला मत दिलं. पैसे कुणी खाल्ले? कुणीच नाही.

४ जुलै
सांगितलं अप्पांना. दुकानात, गिऱ्हाईक गेल्यावर. शेंगदाणे निवडत होते. निवडायचे थांबले.
“दहा वर्सं,” म्हणाले. “दहा वर्सं मी त्या लोकांला शिव्या घातल्या, कासीम.”
मी सुपातले खडे वेचू लागलो.
“नारायण पाटलाच्या पोरीच्या लग्नाला गेलो न्हाई. माझ्या मांडीवर खेळलेली पोर. तू वीट ठिवून आलास?”
“चित्र चांगलं होतं, अप्पा.”
“चित्राला मी मत मागितलं होतं का रे?”
मग आत निघून गेले. शेंगदाणे तसेच.

९ जुलै
अप्पा बोलत नाहीत. हिला दुकानात पाठवलं. साखर दिली, वजन नेहमीसारखं, वर चिमूट जास्तीची. पण माझं नाव काढलं नाही. ही म्हणते, “चिमूट टाकली म्हंजी राग उतरून राहिला.” मला तसं वाटत नाही. ती चिमूट ते सगळ्यांनाच टाकतात.

१७ जुलै
संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला अप्पांचा माणूस आला. खजुराचा पुडा आणि निरोप: उद्या सकाळी हिंगणवाडीला जायचं. सायकल नको, टमटम सांगितलीय.

१८ जुलै, रविवार
सगळं क्रमानं लिहून ठेवतो.
टमटममध्ये अप्पा पुढं, गाडीवाल्याशेजारी बसले. ऊन तापलेलं, पेरण्या खोळंबलेल्या. गावाच्या तोंडाशी आल्यावर मला म्हणाले, “पयलं तू बोलायचं.”
चावडीवर वीसएक माणसं जमली. भिंत अठ्ठ्याहत्तरला पांढरी झाली होती. आता तिच्यावर खताची जाहिरात आहे, अक्षरं भिकार. नारायण पाटील काठी टेकत आले. अप्पांकडे बघितलं नाही, मला म्हणाले, “बोला पेंटर, वाट चुकलासा का?”
मी उभा राहून सांगितलं. चिठ्ठी, शिडी, पाणी, वीट.
मग पाटलांच्या पत्नी पारूबाई, डोक्यावर पदर, सरळ अप्पांपुढं आल्या. “अप्पा, तुमालाच की दिलं आमी मत! तराजूला! सारं गाव उनात रांग लावून हुतं. मग तुमी का यायचं बंद झालासा? आमी म्हनलं, आमदार झाल्यावर मानूस बदलतंय.”
“मी आमदार कुठं झालो, पारूबाई?”
“ते मागनं कळलं. पर मग तर कायच समजंना. मत दिलं, अन् वर पैसं खाल्लं म्हनून घेतलं. माज्या लेकीला सासरी दहा वर्सं टोमनं हायती. ‘तराजूत बसून आलेली’ म्हनत्यात.”
अप्पा खाली बसले. चावडीच्या पायरीवर, धुळीत, पांढऱ्या धोतरानं. म्हणाले, “चुकलो.” एवढंच. मी त्यांना इतकं थोडं बोलताना कधी ऐकलं नाही.
पाटील म्हणाले, “उठा. धोतर धुवायला पानी न्हाई गावात.” सगळे हसले. पाटीलसुद्धा.
पाण्याचा तांब्या आला. मला रोजा. अप्पांनी ओठाला लावायच्या आधी माझ्याकडे बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. “आज माझाबी.” सत्तरी गाठत आलेला माणूस! मी रागावलो. ऐकलं नाही.
निघताना पाटलांनी माझा हात धरला. “पुस्तकात लिवनार म्हनं तुमी. आमच्या गावाचं नाव घाला. आमी येडं ठरलो तर ठरू द्या. पर पैसं खाल्लं न्हाई, हे छापून आलं पायजे. पोरीला दाखवाया.”

२० जुलै
परिच्छेद लिहिला. अकरा ओळी. गावाचं नाव, दोन्ही चिन्हं, चिठ्ठी, पाणी. नवव्या ओळीत वीट, आणि माझं नाव. दहाव्या-अकराव्यात: ‘हिंगणवाडीनं पैसे घेतले ही गोष्ट खोटी. गावानं सोपानअप्पांना मत दिलं, ते दुसऱ्याच्या तराजूत पडलं.’
चार वेळा लिहिला. नवव्या ओळीत दर वेळी अक्षर बिघडतं.

२३ जुलै, ईद
अप्पा शीरखुर्मा प्यायला आले. मांडणीकडे बघून म्हणाले, “बाकी सारं चालंल, पर ही तिरकी मांडनी सरळ कर, कासम्या.” ही पदर तोंडाला लावून हसत होती. पारूबाईची लेक माहेरी आलीय असं सांगत होते. आता दर सोमवारी हिंगणवाडीला जातात. किराणा घेऊन जातात म्हणे, पण गूळ सोडून काही विकत नाहीत, नुसते बसतात.

१ ऑगस्ट
समितीची बैठक, लातूरला. अध्यक्ष कि.रा. हे मला पत्रात कळवलेलं नव्हतं. लेख मोठ्यानं वाचला गेला. बहात्तर आल्यावर खुर्च्या करकरल्या. कि.रा. हसून म्हणाले, “पेंटरसाहेब, म्हणजे मी तुमच्या ब्रशनं निवडून आलो म्हणायचं?” मी म्हटलं, “तुम्ही नंतर पाच वर्षं कामं केलीत, तीपण लिहिलीत. पान सहा. पाझर तलाव दोन, रस्ता एक.” ते खरं आहे. माणूस वाईट नाही.
निर्णय पुढे ढकलला. लेख नांदेडच्या छापखान्यात जायचा आहे, तो कि.रा.च्या फायलीत राहिला. माझ्याकडे दुसरी प्रत आहे, स्वच्छ.

६ ऑगस्ट, शुक्रवार
नमाजाहून आलो तर दाराशी जीप. कि.रा. स्वतः. हिनं चहा दिला. त्यांनी घर बघितलं, ब्रश हातात घेऊन बघितले, खरंच आवडले असावेत. मग कामाचं.
जिल्हा बदलतो म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक बोर्डावरचं ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’ करायचं. शाळा, चावड्या, दवाखाने, एसटीचे थांबे. काम कुणाला द्यायचं ते त्यांच्या शब्दावर आहे. अकरा ओळी काढल्या की काम माझं.
म्हणाले, “गावाचं नाव खराब हुईल, पेंटर. लोक हसतील हिंगणवाडीला.” मी म्हटलं, गावाला विचारलंय. म्हणाले, “मग नववी ओळ तरी काढा. तुमचंच नाव हाय तिथं. तुमच्या भल्याचं सांगून राहिलो.” तीच ओळ चार वेळा लिहिलीय, आता निघायची नाही, असं म्हटलं.
लेख छापखान्यात गेला का विचारलं. ते चपला घालून जीपकडे निघाले. जीप गेल्यावर अप्पांकडे जाऊन दुसरी प्रत त्यांच्या गल्ल्यात ठेवली. अप्पांनी वाचली नाही, फक्त त्या परिच्छेदाच्या ओळी मोजल्या.
नोंद राहावी म्हणून: बोर्ड एकशे चाळीस, दर ऐंशी, रंग सरकारचा. एकूण अकरा हजार दोनशे रुपये. नाही म्हणालो.