धाकट्याचा खांदा

टाच त्याच्या काखेत रोवली, दोन्ही हातांनी मनगट धरलं आणि मागे झुकले, अण्णा. तो वाळूवर उताणा, तोंडात टॉवेलचा बोळा. चप्पल मी आधीच भिरकावली होती. अबाया गुडघ्यापर्यंत वर आलेला, आणि भोवती उभ्या असलेल्या पुरुषांपैकी काही जण मान वळवून दुसरीकडे बघत होते. तुमच्या मुलाचा उजवा खांदा चेंडू टाकता टाकता निखळला होता. चेंडू हातातून भलतीकडे सुटला आणि बॅटरच्या तोंडावर बसला. तो कोरियन. दात ओठातून आरपार गेला होता. त्याच्याकडे त्याची माणसं धावली, धाकट्याकडे मी. झटका द्यायचा नाही, वजन द्यायचं, हे तुमचंच. मी वजन दिलं. हाडाचा गोळा वाटीच्या काठावरून खरवडत आला आणि धपकन आत पडला. धाकट्याने टॉवेल थुंकला आणि रडत रडत हसला.

सौदीत बेसबॉल कुठला, असं तुम्ही विचारलं असतंत. दम्मामहून रास तनुराला जाताना कामगारांच्या कॅम्पमागे सपाट केलेली जमीन आहे. बेस म्हणून वाळूची पोती. शुक्रवारी तिथे फिलिपिनो, कोरियन, पाकिस्तानी खेळतात आणि त्यांच्यात आपला एक मराठी पिचर. मी दम्मामच्या एका इस्पितळात फिजिओ आहे. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी त्याला इथे आणलं, एका कंत्राटदाराच्या टूलरूममध्ये चिकटवलं. पाने आणि ड्रिल मशिनं देणं-घेणं, एवढंच काम. वाटलं, हात शांत राहील. आठवड्याभरात त्याने मैदान शोधलं. काल मात्र नेहमीचा सामना नव्हता. दुबईत पगार देणारी लीग निघाली आहे, तिथला माणूस पिचर निवडायला आला होता. एकच घेणार होता. धाकट्याने मला फोन केला तेव्हा सामन्याचं सांगितलं आणि वर म्हणाला, "पिशवी घेऊन ये, ताई." पट्ट्यांची पिशवी. म्हणजे खांदा निघणार हे त्याला माहीत होतं.

आपलं स्वयंपाकघर. तो पाटावर बसलाय, सातवीत असेल. आई तेल कोमट करून वाटी तुमच्याजवळ सरकवते आणि पुन्हा भाकरी थापायला लागते, जरा जोरातच. तुम्ही त्याच्या पाठीत गुडघा देता आणि खांदा मळायला लागता. शाळेत तुम्ही खेळाचे शिक्षक, बेसबॉल पुस्तकातून शिकलेला, पण माणसाचं शरीर तुम्हाला ठाऊक होतं ते तालमीतलं. पैलवानाचा आखडलेला खांदा जसा मोकळा करायचा, तसाच तुम्ही पिचरचा करत होता. रोज ओढून, रोज पिळून. खांदा आधीच सैल होता, अण्णा. चेंडू टाकणाऱ्याचा असतोच. तुम्ही तो आणखी सैल केलात. मी त्याचे पाय धरून बसायची. घोटे माझ्या पंजात थडथडत. पुढे खांदा सहज निघायला लागला तेव्हा तुम्हाला त्याची गंमत वाटायची. घरी कोणी आलं की म्हणायचात, दाखव रे. कोपर वर, मागे, आणि पाठीमागून तुमच्या अंगठ्याचा एक रेटा, की खांदा बाहेर. पाहुणे शहारायचे. तुम्ही तितक्याच सहज तो परत बसवायचात आणि आई चहा आणायची.

राज्याच्या शिबिराला त्याची निवड तीनदा झाली. पहिल्यांदा खांदा, दुसऱ्यांदा कोपर, तिसऱ्यांदा पुन्हा खांदा. तिथला प्रशिक्षक म्हणायचा की असा हात त्याने आयुष्यात पाहिला नाही, आणि दरवेळी त्याला एसटीत बसवून परत पाठवायचा. तिसऱ्यांदा मी म्हटलं की याला मिरजेला डॉक्टरांकडे नेऊ या. तुम्ही मला अशी थोबाडीत दिलीत की कानात दिवसभर शिटी वाजत राहिली. "डॉक्टर कधी खेळलाय का?" असं विचारलंत. बारावीनंतर मला मेडिकल मिळालं नाही, तेव्हा फिजिओथेरपीचा फॉर्म तुम्हीच आणलात. घरात उपयोगी पडेल म्हणालात. मुलगी शिकावी म्हणून धडपडणारा बाप, असं लोक तुमच्याविषयी बोलायचे. मीही बरीच वर्षं तसंच सांगत आले. तुम्हाला तो हात सांभाळायला माणूस हवं होतं.

काल खांदा आत गेल्यावर तो उठून बसला, बोटं हलवून बघितली आणि म्हणाला, "पट्टी मार." मी म्हटलं, झोळी बांधते, इस्पितळात चल. आमच्याकडच्या सर्जनने मागेच त्याचा एमआरआय बघून सांगितलं होतं की वाटीचा काठ झिजून गेलाय, आणखी एक-दोनदा असाच ताणला गेला तर नस तुटेल आणि पंजा लुळा पडेल. हे धाकट्याला मी तेव्हाच सांगितलं होतं. त्याने विचारलं होतं, आणखी एकदा की दोनदा, ते नक्की कर. त्यांचा कॅचर, एक थोराड फिलिपिनो, जवळ येऊन हिंदीत म्हणाला, "सिस्टर, खलास. ले जाओ इसको." धाकट्याने त्याला आईवरून शिवी दिली. पलीकडे दुबईचा माणूस गाडीला टेकून उभा होता, अजून गेलेला नव्हता. धाकटा त्याच्याकडेच बघत होता.

"अण्णांनी परत मैदानात पाठवलं असतं," तो म्हणाला.

"हो. पाठवलं असतं."

"मग तू फिजिओ कशाला झालीस?"

मी म्हटलं, बस, पट्टी मारते. तो बाकावर बसला आणि पट्टीसाठी हात आपणहून वर केला, लहानपणी करायचा तसा, तोंड दुसरीकडे करून. मी मागे उभी राहिले. कोपर वर घेतलं, मागे नेलं आणि अंगठा लावून रेटा दिला.

आवाज मला आणि त्यालाच ऐकू आला. तो ओरडला नाही. मान वळवून त्याने माझ्याकडे बघितलं, मग डाव्या मुठीने माझ्या तोंडात मारली. मी बाकाच्या कडेवर आपटले. दुसरा ठोसा कानशिलावर बसला. तिसऱ्याला कॅचरने त्याला मागून मिठी घातली, आणि त्या मिठीत निखळलेला हात दाबला गेला तेव्हा मात्र तो असा किंचाळला की कोरियन मंडळीही उठून उभी राहिली. मी रक्त थुंकून सगळ्यांना सांगितलं की खांदा आपोआप निघाला आणि वेदनेने त्याचा तोल गेला. कोणी शंका घेतली नाही. मीच तर डॉक्टर, त्यांच्या लेखी. या वेळी मी तो बसवला नाही. तसाच लोंबता हात उशीवर ठेवून त्याला मागच्या सीटवर घातलं आणि दम्मामला आणलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो मला रांड म्हणत होता, पुढे पुढे नुसताच कण्हत होता. इस्पितळात त्याला भूल देऊन खांदा बसवला. नस शाबूत आहे. सर्जन म्हणाले की ऑपरेशन करू, हात कामापुरता राहील, फेकणं संपलं. दुबईच्या माणसाने कोरियनांचा पिचर घेतला, असं कॅचरने संध्याकाळी कळवलं.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. धाकट्याला तर नाहीच. तुम्हाला जाब विचारायला बसले होते, पण एक गोष्ट राहिली, ती लिहून थांबते. रेटा एकदाच द्यावा लागला. खांदा इतका सफाईने निघाला की क्षणभर वाटलं, हे तुम्ही बघायला हवं होतं.

आज सकाळी त्याने कॅम्पवर सोड म्हणून सांगितलं. मी त्याच्या शर्टाची बटणं लावली आणि गाडी काढली. गेटपाशी उतरून त्याने डाव्या हाताने दार ओढलं, ते नीट लागलं नाही. तो आत गेल्यावर मी उतरून लावलं.