मुंगी वाटीत मेली

४ नोव्हेंबर, सोमवार

मुंगी मेली!

माझ्या दुधात. सासूनं वाटी पुढं केली, म्हणे पिळ. पिळलं. शेजारच्या वच्छलाबाईनं भिंतीवरची काळी मुंगी धरून आणली अन् टाकली आत. मुंगीनं पाय हलवले, हलवले... मंग गप. दोघीनं एकमेकीकडं पाह्यलं. सासू म्हणे, "पाय, डोयानं पाय. तुहं दूध बाधून राह्यलं पोरीले. आजपासून अंगावर पाजायचं नाई."

माझी पोरगी मैत्री तीन महिन्यांची नाई झाली अजून. पिवळं पातळ करते, दिवस कलला की रडते, अंगावर मांस धरत नाई. भेव तं मलेच लय हाय. पण मुंगी मेली म्हणून दूध वाईट, हे काई मले समजलं नाई. मुंगी कायनं मेली?

विचारलं तं वच्छलाबाई म्हणे, "काऊन वं, आठवी शिकली तं डाक्टरीण झाली का?"

५ नोव्हेंबर

खुशालभाऊच्या घरून शेळीचं दूध आणलं. अर्धं दूध, अर्धं पाणी. सासू चमच्यानं पाजते. मैत्री तोंड फिरवते अन् माझ्याकडं पाहते. तिचं पाहणं मले सहन होत नाई, मी आत जाऊन बसते.

छाती दगड झाली. हात लावू देईना. मोरीत पिळून टाकलं. किती वाटलं जिवाले! इकडं लेकरू उपाशी अन् तिकडं मोरी पिऊन राह्यली.

एक मात्र पाह्यलं. मंग भांडे घासाले गेली तं मोरीच्या काठाले मुंग्यांची रांग लागली होती. दूध सांडलं होतं तिथंच. पिऊन राह्यल्या होत्या. एक बी मेली नाई!

मंग वाटीतली काऊन मेली?

६ नोव्हेंबर

यांच्या फोनात एक पैलवान येते. बिना बाहीचं बनियन घालून रोज तब्येतीचं सांगते. आमचे हे बेल्याच्या शाळेत अटेंडर हायत, शाळेतल्या सरलोकांनी यायले त्याचे व्हिडिओ पाठवले म्हणे. आज तो म्हणे, आईनं थंडं पाणी पिलं की दूध थंडं होते, लेकराले सर्दी होते. आईनं राग केला की दूध कडू होते.

मले राहवलं नाई. माठातलं थंडगार पाणी लोटाभर पिली. मंग दूध मनगटावर पिळून पाह्यलं. गरम! जसं रोज असते तसंच.

रागाचं बी पाहायचं होतं. त्याले काई खास करा लागलं नाई, वच्छलाबाई आली होती. "तुह्या मायनं तुले काय खाऊ घातलं वं लहानपणी, दूधच बिघडलं!" तिचं बोलणं झालं, मी तडक आत गेली, बोटावर घेऊन चाटलं. गोड. एकदम गोड.

यायले सांगतलं तं हसले. "धम्मपालची बायको स्वतःचंच दूध चाखते, असं शाळेत सांगू का?" मी म्हटलं, सांगा! अन् त्या पैलवानाले बी सांगा!

लय दिवसानं हसली मी. पण मैत्री आजही नीट पिली नाई.

७ नोव्हेंबर

मी यायले म्हटलं, आईले समजावा ना, मोरीत मुंग्या मरत नाईत. तवा यायनं सांगतलं.

यांच्या आधी सासूले पोरगी झाली होती. थोरली. तिच्या वेळेस बी अशीच मुंगी टाकली, ती बी मेली. दूध बंद केलं, शेळीचं सुरू केलं. पोरगी दिवसेंदिवस खंगत गेली अन् गेली. सासू आजही म्हणते, मी मुंगी उशिरा टाकली. आधीच माझं दूध बंद केलं असतं तं वाचली असती.

मले हे कोणी सांगतलंच नव्हतं. त्या पोरीचं नाव काय, ते यायले बी माहीत नाई. घरात कोणी काढत नाई तिचं नाव.

म्हणजे सासू दुष्टपणा नाई करून राह्यली. भेली हाय. माझ्यापेक्षा जास्त भेली हाय.

हे समजलं अन् माझा राग उतरला. आता तिच्याशी भांडू कशी?

८ नोव्हेंबर

मैत्रीले जुलाब. आता पिवळं नाई, हिरवट, वास मारते. आधी असा वास कधीच नव्हता.

पिळलं तं दूध कमी आलं. आटून राह्यलं का?

९ नोव्हेंबर

बेल्याले सरकारी दवाखान्यात गेलो, यांच्या गाडीवर तिघं. मैत्रीची टाळू खाली गेल्यासारखी दिसे. मी सारा रस्ता तिच्या नाकाजवळ बोट धरून होती.

नर्सम्मा तेलुगू हाय, मराठी अर्धंच बोलते. शेळीचं दूध-पाणी म्हटलं तं कपाळाले हात लावला. "पालु इव्वु! तुमचा पालु इव्वु!" पालु म्हणजे दूध. माझंच दूध दे म्हणे, घडीघडी दे, नाई तं आटते. अंगावर पिणारं लेकरू पिवळं पातळ करतेच, तो जुलाब नोहे म्हणे. आता हे जे झालं ते वरच्या दुधानं. पुडी दिली पाण्यात घालाले, पाणी उकळून गार करून घे म्हणे. पोरगी सुस्त झाली, पिणं सोडलं तं तशीच उचलून आणजो, सांगतलं.

मी हळूच मुंगीचं विचारलं. "चीमा?" म्हणे, मुंगीलेच चीमा म्हणतात, अन् खो खो हसली. दुसरा पेशंट आला. झालं.

मुंगी काऊन मेली ते राहूनच गेलं.

दवाखान्याच्या मागं लिंबाखाली बसून पाजलं. कशी तुटून पडली बाई!

घरी आलो तं सासू दारात उभी. मी नर्सम्माचं सांगतलं. म्हणे, "तिनं काय पाह्यलं? मुंगी मी पाह्यली. एक गमावली मी. ही पोरगी नाई गमावत." अन् मैत्रीले माझ्या हातातून घेतलं.

नर्सम्माच्या हसण्यानं सासू मानणार नाई. तिनं डोळ्यानं पाह्यलं हाय. तिले डोळ्यानंच दाखवा लागते.

१० नोव्हेंबर, रविवार

दाखवलं!

सकाळीच सासूले अन् यायले बोलावून अंगणात बसली. तीच वाटी घेतली. पह्यले साधं पाणी, मुंगी टाकली. मेली. मंग शेळीचं दूध, जे सासू पाजते तेच. मेली! मंग सासूचा चहा उरला होता. त्यात बी मेली. वच्छलाबाई कुडावरून डोकावून पाहत होती. म्हणे, "मंग काय पाणी बी सोडा का आता? चहा बी? अवं, मी तं मरूनच जाईन!"

मी म्हटलं, "थांबा, अजून बाकी हाय."

माझं दूध पिळलं. आता लय येत नाई, तरी आलं. अर्धं वाटीत, अर्धं जर्मनच्या चपट्या ताटलीत पसरलं, पातळ. ताटलीत मुंगी सोडली. सगळे वाकले. मुंगी दुधात उतरली, थांबली, तोंड लावलं... अन् पिऊन चालली गेली. भिंतीकडं! मंग दुसरी आली, तिसरी आली, आपोआप. वाटीतली मात्र वर चढाले पाह्यली, घसरली, पुन्हा घसरली, बुडाली.

दूध एकच. घडी एकच. फक्त भांडं दुसरं!

"मुंगीले पोहता येत नाई आई," मी म्हटलं. "वाटीत काई बी टाका, ते बुडूनच मरते."

वच्छलाबाई म्हणे, "इतके वर्षं झाले बाप्पा, अन् हे कोणाच्या ध्यानात नाई आलं!" सासू ताटलीपाशीच बसून राह्यली. मी तिच्या मांडीवरून मैत्रीले उचललं अन् तिथंच, सगळ्यासमोर, पदराखाली घेतलं.

कोणी अडवलं नाई.

११ नोव्हेंबर

पिली. झोपली. उठली, पुन्हा पिली.

१४ नोव्हेंबर

दूध वाढून राह्यलं! सारं लुगडं ओलं. मैत्रीच्या शीचा वास गेला, पुन्हा पहिल्यासारखं पिवळं. पिवळं पाहून एवढा आनंद होते, हे कोणाले सांगावं? अंगणवाडीत झोळीत घालून तोललं, बाई म्हणे काटा वर सरकला.

आता मले नादच लागला. कोणी काई सांगो, पह्यले डोक्यात येते, हे कोणी करून पाह्यलं का? वच्छलाबाई म्हणते पपई खाल्ली की लेकराले पिवळी कावीळ होते. काऊन? पपई पिवळी म्हणून? मंग जांभूळ खाल्लं तं पोरगी जांभळी व्हायले पाहिजे! तिले म्हटलं तं म्हणे, "तुह्या तोंडाले लागणं नाई बाई." पण हसली.

सासू मात्र बोलत नाई. जेवत बी नाई धड. रुसली असंल माझ्यावर. चारचौघात मी तिले खोटं पाडलं. जिंकली म्हणून मी किती नाचली त्या दिवशी!

यायले विचारलं तं म्हणे, "राहू दे, होईल नीट."

१६ नोव्हेंबर

आज सासूनं मले ओट्यावर बोलावलं. माझ्याकडं पाह्यलं नाई. मोरीकडं पाहत होती.

म्हणे, "माझ्या वेळची वाटी लय खोल होती वं सपना."

मी मैत्रीले तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं मैत्रीच्या टाळूवरून हात फिरवला अन् म्हणे, "प्रीती नाव होतं तिचं."