दोन आटे

रविवार, १८ जानेवारी २००४

महिनाभर बाबांची जुनी गाडी सिग्नलला थांबली की कधी किंचाळायची, कधी बंदच पडायची. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर दोनदा साफ केला. आज मी स्वतःच बॉनेट उघडलं. पाय काढला तरी ॲक्सिलरेटरचा रॉड पूर्ण मागे येत नव्हता. नट सैल करून रॉड दोन आटे लांब केला, सांध्यांना तेल दिलं. इंजिन एकसारखं चालायला लागलं. दोन आटे, बस्स!

बाबा शेजारीच खुर्ची टाकून सगळं बघत होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. "वा! कोणी नीट केली?"

"आमच्या संजयने. अमेरिकेतून फोनवर सांगितलं."

संजय, माझा कॉम्प्युटरवाला भाऊ. दिवाळीनंतर त्याचा फोन नाही. आणि मी तिथेच उभी, काळ्या हातांनी! का नाही बोलले मी? दोन आटे मी फिरवले, एवढं तरी म्हणायचं.

काका गेल्यावर बाबा म्हणाले, "उद्या मला डॉक्टरांकडे ने गं. मला आता गाडी चालववत नाही."

"संजयला सांगा," मी म्हटलं. "फोनवरून चालवेल."

नेणार मीच आहे, हे बाबांनाही ठाऊक आहे.