ममताची लेथ

तात्यापारा, रायपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय रमाताई,

नमस्कार. पुलगावला थंडी सुरू झाली असेल. भाऊजींचा दमा आणि तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. आम्ही दोघं बरे आहोत. पाकीट पाहून तू दचकशील, की या नऱ्याला आता पत्र लिहायची काय हौस आली. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोललो की इथे शेजाऱ्यांना आणि तिथे तुझ्या सुनेला सगळं कळतं. म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की ममताची लेथ मशीन घरातून गेली. गेल्या रविवारी, गुढियारीला.

तू ती पाहिली आहेस. मागच्या पडवीत होती, लोखंडाचे दांडे गोल कातायची. माझ्या सासऱ्यांची, रामकृष्णजींची. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी ती लिलावात घेतली आणि एकुलत्या एक पोट्टीला, ममताला, तिच्यावर उभं केलं. ते गेले, मशीन आमच्याकडे आली. मला वाटलं, वर्षभर वडलांची आठवण म्हणून ठेवेल आणि मग भंगारात देईल. तर ती कामं घ्यायला लागली. राईस मिलांचे शाफ्ट, बुश आणि काय काय. धानाच्या हंगामात मिल बंद ठेवून चालत नाही, त्यामुळे सकाळपासून दारात माणसं. 'दीदी हैं क्या?' दार मी उघडायचो. माझ्याच दारात उभं राहून मला कोणी दुसरं काही विचारलं नाही.

तिच्या केसांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. शाम्पूनंही जात नसे. मी कधी बोललो नाही.

यंदा काम इतकं वाढलं की पडवी पुरेना. शेजारच्यांच्या भिंतीला हादरे बसायचे, त्यांचीही कुरकुर होती. त्यात राकेश साहू आला. मिलांमध्ये मशीन बसवण्याचं काम करतो, गुढियारीत रेल्वेलाइनजवळ त्याची मोठी शेड आहे. त्यानं तिला म्हटलं की दीदी, मशीन माझ्याकडे आणा, कातायचं काम तुमचं, बसवायचं माझं, दोघं मिळून करू.

तो तिच्याहून लहान आहे. बायको आहे, पोरं आहेत. आणि तो दीदीच म्हणतो, मी कान देऊन ऐकलं आहे. तू मनात आणशील तसं काही नाही. तसं असतं तर एका परीनं सोपं गेलं असतं. ताई, तो आला की ती बोलायची. माझ्याशीही बोलते ती, गॅस संपला, नळ आले, विम्याचं काय झालं. पण त्याच्याशी बोलताना तिचे हात हलतात. हवेत बोटं फिरवून दाखवते, तो मान हलवतो, मग तो काही म्हणतो आणि ती हसते. मी पेपर घेऊन आतल्या खोलीत बसायचो आणि एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या हाताच्या बोलण्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. कधी विचारलंही नाही. आणि दुसऱ्या कोणाला ते कळतं हे मला पाहवत नव्हतं.

दिवाळीच्या आधी ती अंघोळीला गेली असताना मी तिच्या फोनमधून राकेशचा नंबर काढला आणि माझ्या फोनवरून त्याला सांगितलं की ममताचं मन बदललं आहे, मशीन काही येणार नाही, तू शेड दुसऱ्याला दे.

तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरळ घरीच आला. मी खुर्चीत होतो, ती स्वयंपाकघराच्या दारात. त्यानं सगळं तिच्यासमोरच विचारलं. भैयांनी असं असं सांगितलं, खरं आहे का. ममतानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाली, "नहीं भैया, इन्होंने कुछ गलत समझा होगा. मशीन आएगी."

त्याला चहा दिला. मलाही दिला. तो गेल्यावर मी वाट पाहत राहिलो की आता बोलेल, आता भांडेल. तिनं भात टाकला, वरणाला फोडणी दिली आणि ताट वाढलं. त्या राकेशसमोर तिनं माझी लाज राखली, हे मला तिच्या भांडण्यापेक्षा जास्त लागलं.

मग मी भिंतीचं काढलं. मशीन आली तेव्हा पडवी उघडी होती, भिंत नंतर घातली, म्हणजे काढायची तर भिंत फोडावी लागणार. मी म्हटलं, घर जुनं आहे, छत खाली येईल, भिंतीला हात लावू देणार नाही. एका दुपारी नवा रायपूरच्या ऑफिसातून परत आलो तर भिंतीत मोठं भगदाड होतं आणि वर लोखंडी गर्डर बसवलेला. मिस्त्री विटा रचून ठेवत होता. छत जागच्या जागी होतं.

रविवारी गुढियारीच्या मालधक्क्यावरचे हमाल आले. आमच्या गल्लीत हायड्रा क्रेन शिरत नाही, ती मोठ्या रस्त्यावर उभी. तिथपर्यंत मशीन लोटत न्यायची. मोटर, चक, जे सुटं होतं ते आधीच काढलेलं. उरलेलं धूड रेल्वेच्या लाकडी स्लीपरवर चढवलं, खाली लोखंडी पाइप घातले. हमाल पुढून दोर ओढायचे, मागचा पाइप मोकळा झाला की ममता तो उचलून पुढे घालायची. राकेश बाजूनं तोल सांभाळत होता. मला कोणी काही काम सांगितलं नव्हतं. मीच एक सब्बल, आपली लोखंडी पहार, उचलली आणि मागून रेटायला लागलो. नवरा नुसता उभा आहे असं मोहल्ल्याला दिसू नये, एवढंच.

वळणावर नालीवरची फरशी मोडली. स्लीपर एका बाजूनं खाली बसला आणि मशीन कलली. त्या बाजूला राकेश होता, त्याच्या पाठीशी भिंत. माझी सब्बल नेमकी त्याच कोपऱ्याखाली होती. सगळं वजन तिच्यावर, म्हणजे माझ्या हातांवर आलं. हमाल ओरडून राहिले होते, दोर ताणून धरला होता, पण तो सरकत होता.

ताई, त्या वेळी माझ्या मनात आलं की सोडावं. मला कोणी दोष दिला नसता. बाबू माणूस, हात घसरला. हे मी विचार करून ठरवलं असं नाही, पण आलं ते स्पष्ट आलं, आणि माझी बोटं ढिली झाली ते मला समजलं.

ममता समोर गुडघ्यावर बसली होती, हातात पाइप. ती मशीनकडे पाहत नव्हती, राकेशकडेही नाही. माझ्या तोंडाकडे पाहत होती. हळूच म्हणाली, "सोडू नका."

मी धरून ठेवलं. तळहाताची कातडी गेली. राकेश भिंतीला घासत बाहेर निघाला, हमालांनी खाली ठोकळे घातले आणि मशीन सरळ झाली. राकेश येऊन माझ्या पाया पडला. "आज आप नहीं होते भैया, तो मैं गया था." साऱ्या गल्लीनं ऐकलं. शेजारच्या काकूंनी माझ्या हाताला हळद लावली. ममता पुढचा पाइप घालायला निघून गेली होती.

मशीन क्रेननं उचलली, ट्रकवर ठेवली, शेडमध्ये बसवली. मी गेलो नाही. संध्याकाळी ती परतली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमचं तोंड पाह्यलं मी तेव्हा," म्हणाली.

मी म्हटलं, "पण सोडलं तर नाही न."

"मी म्हटलं म्हणून नाही सोडलं, का तसंही नसतं सोडलं?"

मी तळहातावरची हळद पाहत राहिलो. ती उठून आत गेली. त्या दिवसापासून सकाळी डबा घेऊन निघते, दिवेलागणीला येते. माझं ताट झाकून ठेवते. रात्री पाठ करून झोपते. पडवीत आता नुसती जमीन आहे आणि त्या भगदाडातून गल्लीतलं कुत्रं आत येतं.

आठवडाभर मी मनात उत्तर तयार केलं. तसंही नसतं सोडलं, असं सांगायचं. तीन शब्द, त्यानं सगळं मिटलं असतं. काल शनिवार, ऑफिसला सुटी. मी स्कूटर घेतली आणि गुढियारीला गेलो. शेडच्या बाहेरूनच मशीनचा आवाज आला. ओळखीचा आवाज, आणि त्यात ती काहीतरी सांगत होती, राकेश हसत होता. मी उन्हात उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही मी तसाच जळत होतो. पाया पडलेल्या माणसाचं हसणंही मला सहन होत नव्हतं.

मग आत गेलो. राकेशनं स्टूल पुढे केलं, मी बसलो नाही. ममतानं मशीन बंद केली. मी तिला म्हटलं, "तू विचारलं होतं ते. मले माहीत नाही. तू नसती बोलली तर धरलं असतं का, ते खरंच मले माहीत नाही."

राकेशला काही समजलं नसावं. तो पाणी आणतो म्हणून बाहेर गेला. ममता फडक्याला हात पुसत राहिली. मला वाटलं, आता घरीच येणार नाही ही. मग फडकं ठेवून म्हणाली, "मलेही तेच वाटलं होतं." आणि मग, "जेवले का?"

नव्हतो जेवलो. तिच्याच डब्यातलं तिघं जेवलो. तिनं जवसाची चटणी आधी त्याला वाढली, मग मला, आणि तेवढंही मला टोचलं. ते तिनं पाहिलं. तिनं नजर फिरवली नाही.

ताई, तू विचारशील आता मन निवलं का. नाही निवलं. रोज सकाळी ती स्कूटीला किक मारते तेव्हा जळतं. पण आज रविवार असूनही ती निघाली, तेव्हा मी दार उघडून उभा राहिलो, ती वळेपर्यंत. उद्या मिस्त्रीला बोलावून भगदाडाला दार बसवून घेणार आहे.

उत्तर पाठवलंस तर तिच्या नावानं पाठव, तिच्यापासून लपवायचं आता काही उरलं नाही. ती मला वाचून दाखवेल.

तुझा धाकटा भाऊ, ज्याला त्याची बायको पुरतं ओळखून आहे, आणि आजपासून तूही,
नरेंद्र